पांडांची संख्या नक्की कशामुळे वाढली?

प्रश्न असा आहे: "चीनने पांडा वाचवला असं सगळीकडे वाचायला मिळतं. प्रजनन केंद्रांत एवढी पिल्लं जन्माला घातली, त्यामुळेच ना? मग आपण माळढोकासाठी तेच का करत नाही?"

मी वन्यजीव सर्वेक्षणाचं काम करतो. बरीच वर्षं पूर्व विदर्भात वाघांच्या भ्रमणमार्गांवर गेली. मध्ये काही काळ चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या डोंगरांत तिथल्या सर्वेक्षकांबरोबर राहून काम करायला मिळालं. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी थेट सांगतो. रानातला पांडा वाढला तो जंगलतोड थांबली म्हणून. प्रजनन केंद्रांतून आजवर रानात सोडलेले पांडा डझनभराच्या आसपास आहेत. रानातली वाढ शेकड्यांत आहे. हा साधा हिशोब केला की पिल्लांना बाटलीने दूध पाजण्याच्या व्हिडिओंचा आणि रानातल्या वाढीचा फारसा संबंध उरत नाही.

आता आकडे. चीनमध्ये पांडांची राष्ट्रीय गणना चार वेळा झाली. १९७४ ते ७७ च्या पहिल्या गणनेत २४५९ पांडा निघाले, १९८५ ते ८८ च्या दुसऱ्या गणनेत १११४. तिसरी १९९९ ते २००३ दरम्यान झाली, तेव्हा १५९६. चौथी २०११ ते २०१४ मध्ये झाली आणि तिचा निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला: १८६४. त्यातले १३८७ सिचुआनमध्ये, ३४५ शान्शीमध्ये आणि १३२ गान्सूमध्ये. दीड वर्षाच्या आतली, आईबरोबर फिरणारी पिल्लं यात धरलेली नाहीत. या आकड्याच्या जोरावर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१६ मध्ये पांडाला 'संकटग्रस्त' यादीतून काढून एक पायरी खाली, 'असुरक्षित' यादीत टाकलं. गंमत म्हणजे तेव्हा चीनच्या वनखात्यानेच त्याला जाहीर विरोध केला. यादीत खाली आलं की पैसा आणि लक्ष दोन्ही कमी होतं, ही भीती कुठल्याही वनखात्याला असतेच. पुढे २०२१ मध्ये चीनने स्वतःही तेच जाहीर केलं. अलीकडचा सरकारी अंदाज सुमारे १९०० चा आहे.

हे आकडे एका ओळीत मांडून आलेख काढायचा मोह होतो. तो आवरा. चारही गणनांची पद्धत सारखी नव्हती. चौथ्या वेळी आधीपेक्षा जास्त प्रदेश पिंजून काढला गेला, आणि जास्त जागा शोधली की जास्त पांडा सापडणारच. वाढ खरी आहे असं मलाही वाटतं, कारण सगळी इतर लक्षणं त्याच दिशेची आहेत. पण ती टक्केवारीत सांगणाऱ्या बातम्या मी गंभीरपणे घेत नाही.

गणना होते कशी, हे थोडं जवळून सांगायला हवं, कारण तिथेच या आकड्यांची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. रानात पांडा दिसत नाही. वर्षानुवर्षं तिथे गस्त घालणारे वनरक्षकही समोरासमोर पाहिलेले पांडा बोटांवर मोजतात. अडीच हजार मीटरच्या वर, डोक्याएवढ्या उंच बांबूच्या गचपणात, धुक्यात, चाळीस अंशाच्या उतारावर दहा पावलांपलीकडचं काही दिसत नाही. दिसते ती विष्ठा, आणि ती भरपूर. पांडाला बांबूतलं जेमतेम १७ टक्के पचतं, म्हणून तो दिवसाला दहा-बारा किलोपासून कोंबांच्या हंगामात तीस-पस्तीस किलोपर्यंत खातो आणि दिवसात चाळीसहून अधिक वेळा विष्ठा टाकतो. ताजी विष्ठा हिरवट-पिवळी, दोन्ही टोकांना निमुळती, आणि वास अजिबात घाण नसतो. ओल्या गवताचा असतो. ती हातात घेऊन मोडली की आत बांबूच्या कांड्यांचे तुकडे उसाच्या चिपाडासारखे आडवे रचलेले दिसतात, जवळजवळ अखंड.

कामाची गोष्ट त्या तुकड्यांत असते. पांडा बांबू दातांनी एका विशिष्ट लांबीवर तोडत जातो. ही लांबी जबड्यावर आणि वयावर अवलंबून असते आणि प्रत्येक जनावराची थोडी वेगळी असते. सर्वेक्षक विष्ठेतले सरळ, दोन्ही टोकं शाबूत असलेले तुकडे निवडतो, पुसतो आणि व्हर्निअर कॅलिपरने एकेक मोजून वहीत मांडतो. दोन ठिकाणच्या सरासरीत ठरलेल्या काही मिलिमीटरांहून जास्त फरक आला तर पांडा दोन, नाहीतर एकच. थंडीने बोटं आखडलेली, कॅलिपर ओला, आणि अशा मोजमापावर एका राष्ट्राचा अभिमान उभा!

पुढे विष्ठेवरच्या बुळबुळीत थरातून डीएनए काढता येऊ लागला. त्या थरात आतड्याच्या पेशी असतात, म्हणून नमुना ताजा लागतो. २००६ मध्ये मिनशान पर्वतरांगेतल्या वांगलांग अभयारण्यात असा अभ्यास झाला. राष्ट्रीय गणनेत तिथे २७ पांडा धरले होते. डीएनएने ६६ वेगवेगळी जनावरं दाखवली. एकही पिल्लू न जन्मता संख्या दुपटीच्या वर! तेव्हा १८६४ हा आकडा दिशा दाखवण्यापुरता घ्यावा.

आता मूळ मुद्दा. पांडाला संपवत काय आणलं होतं?

७० आणि ८० च्या दशकांत जगभर एकच उत्तर दिलं जायचं: बांबूचा फुलोरा. बांबू अनेक दशकांनी एकदाच फुलतो, एकाच जातीचा सगळा बांबू एकदम फुलतो आणि मरतो. मिझोराममध्ये बांबू फुलला की उंदीर माजतात आणि दुष्काळ पडतो, हे आपण ऐकून असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात मिनशानमध्ये फुलोऱ्यानंतर १३८ पांडा मेलेले सापडले. मग १९८३ मध्ये वोलोंग अभयारण्यातला वरच्या पट्ट्यातला बांबू फुलला आणि सगळ्या देशात हाकाटी झाली. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे पाठवले. 'उपाशी' पांडांना वाचवण्यासाठी पथकं निघाली, डझनावारी पांडा पकडून केंद्रांत आणले गेले, आणि त्यातले कितीतरी परत रानात गेलेच नाहीत.

वोलोंगमध्ये तेव्हा हू जिनचू आणि जॉर्ज शॅलर यांचा चमू गळ्यात रेडिओ कॉलर घातलेल्या पांडांचा माग काढत होता. त्यांना दिसलं ते वेगळं होतं. वरचा बांबू मेल्यावर पांडा उतरून खालच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या जातीच्या बांबूकडे गेले. लाखो वर्षं ते हेच करत आले असणार. फुलोरा काही नवा नाही. चिनलिंग पर्वतात काम करणारे पेकिंग विद्यापीठाचे पान वेनशी यांचंही म्हणणं तेच होतं: पांडाचं जनन उत्तम चाललंय, त्याच्या पोटापाण्याचंही ठीक आहे, त्याला धोका आहे तो कुऱ्हाडीपासून. फुलोरा जीवघेणा ठरतो तो खालची दरी शेतीखाली गेली असेल तेव्हा. उतरायला जागाच नसेल तर जनावर जाणार कुठे? मिनशानमध्ये नेमकं हेच झालं असावं.

पान वेनशींनी नुसते शोधनिबंध लिहिले नाहीत. चिनलिंगमध्ये छांगछिंग इथे सरकारी लाकूडतोड चालू होती आणि ती त्यांच्या अभ्यासक्षेत्रातच होती. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी थेट केंद्र सरकारला लिहिलं. तोड थांबली, आणि ९० च्या दशकाच्या मध्यात तिथेच अभयारण्य झालं. माझ्या मते पांडाच्या सगळ्या इतिहासात एका शास्त्रज्ञाने केलेलं हे सर्वात उपयोगी काम आहे, आणि त्याचं पोस्टर कुठेही नाही.

जुनं जंगल इतकं महत्त्वाचं का? नुसता बांबू तर तोडलेल्या जंगलातही जोमाने येतो, किंबहुना उजेड मिळाला की जास्तच येतो. अडचण बाळंतपणाची आहे. पांडाचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम १०० ग्रॅमचं असतं, आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेव्या हिश्शाचं. गुलाबी, आंधळं, अंगावर जवळजवळ केस नाहीत. सुरुवातीचे काही दिवस आई त्याला सोडून खायलासुद्धा बाहेर पडत नाही. एवढ्या मोठ्या जनावराला पिल्लासकट कोरडं बसता येईल अशी ढोली पडायला फरचं (सूचिपर्णी) झाड शंभर वर्षांहून जुनं लागतं. चिनलिंगमध्ये दगडी कपारी भरपूर, तिथे त्यांचं भागतं. बाकी ठिकाणी जुनी झाडं गेली की बाळंतपणाची जागाच गेली. लाकूडतोड करणाऱ्याला हवं असतं तेही नेमकं तेच जाडजूड झाड.

आणि मग १९९८ साल आलं. यांगत्से नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. वरच्या पाणलोटातली उघडी पडलेली डोंगरउतरण हे पुराचं एक मोठं कारण मानलं गेलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून पश्चिम सिचुआनमध्ये नैसर्गिक जंगलाची व्यापारी तोड बंद झाली, आणि नैसर्गिक वनसंरक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, २५ अंशांहून जास्त उताराची शेती सोडून तिथे झाडं लावणाऱ्या शेतकऱ्याला धान्य आणि रोख रक्कम देण्याची योजना आली. तिची चाचणी कुठे झाली? सिचुआन, शान्शी आणि गान्सू या तीन प्रांतांत. नेमके पांडाचे प्रांत. यांगत्सेच्या वरच्या खोऱ्यात सोडलेल्या प्रत्येक हेक्टरमागे वर्षाला २२५० किलो धान्य मिळायचं.

यातला एकही निर्णय पांडासाठी घेतला नव्हता. पुरासाठी, गाळासाठी, खालच्या शहरांसाठी घेतला होता. पांडा आयताच वाचला. पुढे १९९९ ची गणना सुरू झाली ती बंदी लागू झाल्यानंतर लगेचच, त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या गणनांच्या दरम्यान दिसते ती वाढ मोठ्या प्रमाणात या शांततेच्या दीड दशकाची आहे. शिकारही कमी झाली होती. ८० च्या दशकाच्या शेवटी पांडाच्या कातड्याच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती, आणि ९० च्या दशकात खेड्यापाड्यांतल्या बंदुका जमा केल्या गेल्या. दुसऱ्या गोष्टीचा परिणाम जास्त झाला असं तिथली जुनी माणसं सांगतात, आणि मला ते पटतं.

अभयारण्य जाहीर करून काम भागत नाही, याचंही उत्तम उदाहरण वोलोंगच आहे. १९६३ मध्ये स्थापना, १९७५ मध्ये विस्तार होऊन २००० चौरस किलोमीटर. २००१ मध्ये ज्यांगुओ लिऊ आणि सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रं तपासून दाखवलं की अभयारण्य झाल्यावर वोलोंगमधला पांडाचा अधिवास आधीपेक्षा जास्त वेगाने घटला. कारण सरपण. आत राहणारी तिबेटी, छ्यांग आणि हान कुटुंबं वाढत होती, वेगळी होत होती, प्रत्येक नव्या चुलीला लाकूड लागत होतं. लोकांना बाहेर हलवायला ८० च्या दशकात घरंही बांधून झाली होती, पण त्या घरांजवळ कसायला जमीन नव्हती. लोक गेलेच नाहीत. मेळघाटातल्या पुनर्वसनाच्या बैठकांना बसलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही.

बदल झाला तो पुढे, पैशाची गणितं बदलली तेव्हा. घरटी जंगलाचा एक तुकडा राखायला नेमून दिला आणि तिथे तोड झाली नाही तर वर्षाला रक्कम दिली. विजेचा दर उतरवला, म्हणजे चुलीऐवजी शेगडी परवडेल. याच अभ्यासकांनी लोकांना विचारलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, आम्ही हलणार नाही, पण नातवंडं शिकून शहरात गेली तर आनंदच आहे. मुलांच्या शाळेवर खर्च करणं हे कुटुंबं उचलून दुसरीकडे ठेवण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ पडतं, हा त्यांचा निष्कर्ष होता. मी तो आमच्या इथल्या बैठकांत अनेकदा सांगितलाय, नेहमी ऐकून घेतला जातोच असं नाही.

आता प्रजनन केंद्रं. त्यांना मी निरुपयोगी म्हणत नाही. मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि गर्भधारणेची खिडकी एक ते तीन दिवसांची. बंदिवासात नराला काय करायचं तेच कळत नसे. चेंगदूचं केंद्र १९८७ मध्ये रानातून आणलेल्या सहा पांडांवर सुरू झालं. कृत्रिम रेतन, हार्मोन तपासणी, आणि जुळं झालं की दोन्ही पिल्लं आलटून पालटून आईकडे देण्याची युक्ती (रानात आई दोनातलं एकच जगवते) यांतून २०२४ च्या सुरुवातीला जगभरातले बंदिवासातले पांडा ७२८ झाले. तंत्र म्हणून हे अफाट आहे. चेंगदूला गेलात तर सकाळी लवकर जाऊन जरूर बघा, दुपारी सगळे झोपलेले असतात.

पण पिंजऱ्यातला पांडा रानात जगवणं हे वेगळंच प्रकरण आहे. पहिला प्रयोग २००६ मध्ये झाला. शियांग शियांग नावाचा नर वोलोंगमध्ये सोडला, आणि वर्षाच्या आत तो मेलेला सापडला. रानातल्या नरांशी झालेल्या मारामारीत जखमी झाला होता. माणसांत वाढलेल्या जनावराला उपरा ठरवायला तिथल्या नरांना वेळ लागत नाही. मग पद्धत मुळापासून बदलली. गाभण मादीलाच डोंगरातल्या मोठ्या कुंपणात ठेवायचं, पिल्लू तिथेच जन्मू द्यायचं, आणि तिनेच त्याला सगळं शिकवायचं. कर्मचाऱ्यांनी माणूस म्हणून दिसायचंच नाही. म्हणून ते पांडाचा पोशाख घालतात, त्यावर पांडाचं मूत्र लावलेलं असतं. फोटोत हा प्रकार विनोदी दिसतो. पावसात तो पोशाख घालून उतार चढणाऱ्याला विचारा. पिल्लाला बिबट्याची भीती बसावी म्हणून पेंढा भरलेला बिबट्या आणि ध्वनिमुद्रित गुरगुर वापरतात. या पद्धतीचा पहिला पांडा थाओ थाओ. मूळची रानातली असलेल्या थ्साओ थ्साओ या मादीचा मुलगा, २०१० चा जन्म, २०१२ मध्ये लिझिपिंग अभयारण्यात सोडला, आणि तो जगला. त्यानंतर सोडलेल्यांपैकीही बहुतेक जगले, काही मेले.

या कामाचा खरा उपयोग एकूण संख्या वाढवण्यात नाही, आणि आता तिथले जाणकारही तसा दावा करत नाहीत. उपयोग आहे तो लिझिपिंगसारख्या ठिकाणी. लिझिपिंग आहे त्या शियाओशियांगलिंग पर्वतरांगेत पांडा इतके थोडे आहेत की बाहेरचं रक्त आलं नाही तर ते आपसातच जुळत जुळत संपतील. तिथे बाहेरून एखादी मादी येऊन व्याली तर तिचं मोल वेगळं. माझा कल तरीही रानातूनच आणलेल्या मादीकडे आहे. २००९ मध्ये लू शिन नावाची रानातली आजारी मादी उपचारानंतर, जिथे सापडली तिथे न सोडता, लिझिपिंगला सोडली गेली. तिला पुढे पिल्लू झालं. कमी खर्चात, पोशाखाशिवाय.

यातून आपण पांडाच्या आजच्या खऱ्या दुखण्यावर येतो. चौथ्या गणनेचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा १८६४ नाही, ३३ आहे. एवढे पांडा एकमेकांपासून तुटलेल्या ३३ गटांत विभागलेले आहेत. त्यातल्या २२ गटांत तीसहून कमी जनावरं, आणि १८ गटांत तर दहाही नाहीत. उपग्रहचित्रांच्या एका मोठ्या अभ्यासात १९७६ ते २००१ दरम्यान एकूण अधिवास ५ टक्क्यांच्या आसपास घटलेला दिसला, पण अधिवासाच्या तुकड्यांचं सरासरी आकारमान २४ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे जंगल गेलं त्यापेक्षा फाटलं जास्त. रस्ते, धरणं, खाणी, दरीतली शेती. २००८ च्या मे महिन्यातल्या भूकंपाने त्यात भर घातली. डोंगरच्या डोंगर खाली आले, वोलोंगचं केंद्र उद्ध्वस्त झालं.

पांडांमध्ये जन्मस्थान सोडून दूर जातात त्या बहुधा तरुण माद्या, नर नव्हेत. वाघांत बहुतेक उलट असतं. त्यामुळे भ्रमणमार्ग आखताना प्रश्न असतो तो एकट्या, बुजऱ्या, दीड-दोन वर्षांच्या मादीचा. वाघाचा नर रात्रीत उघडं शेत ओलांडून जातो. ही मादी बांबू आणि आडोसा नसेल तर दरीत उतरतच नाही. नकाशावर हिरवी रेघ ओढून इथे काही होत नाही, रेघेवर बांबू लागतो.

चिनलिंगमध्ये १०८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग खिंडीतून जायचा. तिथे बोगदा झाला, वरचा जुना रस्ता वाहतुकीतून सुटला, त्यावर बांबू लावला, आणि काही वर्षांनी तिथे पांडाच्या खुणा मिळू लागल्या. दाशियांगलिंग रांगेत या'आन-शिचांग द्रुतगती मार्ग निबा डोंगराखालून सुमारे दहा किलोमीटरच्या बोगद्याने गेला, वरची जागा मोकळी राहिली. आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर उन्नत रस्ते बांधले आणि खालून वाघ, रानकुत्री, चितळ जाऊ लागले, ते कॅमेरा ट्रॅपमध्ये दिसतंच. तत्त्व एकच: जनावराला वळवायचं नाही, रस्त्याला वर किंवा खाली घालायचं. फरक इतकाच की वाघाला पूल मिळाला की त्याच मोसमात वापर सुरू होतो. पांडासाठी बोगदा झाल्यावर बांबू वाढेपर्यंत वर्षं मोजावी लागतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये औपचारिकपणे जाहीर झालेलं जायंट पांडा राष्ट्रीय उद्यान याच तुकड्यांसाठी आहे. सुमारे २२,००० चौरस किलोमीटर, तीन प्रांत मिळून, आधीची सत्तरहून जास्त संरक्षित क्षेत्रं एका छताखाली. आधी एकाच खोऱ्यात वरचा भाग एका खात्याचा, खालचा दुसऱ्याचा, पलीकडचा उतार दुसऱ्या प्रांताचा अशी अवस्था होती. कागदावर तरी ती मिटली. उद्यानाच्या हद्दीतल्या अनेक खाणी आणि छोटे जलविद्युत प्रकल्प बंद केले जाताहेत. लहान गट खरंच जोडले जातात का, हे पुढची काही वर्षं सांगतील.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात आणि पांडाच्या कौतुकात त्या बाजूला पडतात. पहिली गुरं. जंगलतोड बंद झाल्यावर लाकडाचा पैसा गेला, मग लोकांनी गुरं आणि घोडी वाढवली आणि ती अभयारण्यात मोकाट सोडली. घोडं बांबू खातं, आणि पांडाला आवडतो त्याच सौम्य उतारावर खातं. वांगलांगमध्ये, जिथे डीएनएने ६६ पांडा दाखवले होते, तिथेच गुरांमुळे पांडा मोठ्या भागातून हटलेले नंतरच्या अभ्यासात दिसले. दुसरी गोष्ट, पांडाच्या छत्रीखाली सगळं जंगल वाचतं हा दावा. सोनेरी माकडं, टाकिन (रानबकरीच्या कुळातलं मोठं जनावर), कित्येक पक्षी यांच्या बाबतीत तो बराच खरा आहे. पण २०२० मध्ये शेंग ली आणि सहकाऱ्यांनी पांडाच्या संरक्षित क्षेत्रांत मोठे मांसाहारी शोधले. आधीच्या नोंदींच्या तुलनेत बिबट्या ८१ टक्के क्षेत्रांतून नाहीसा झाला होता, लांडगा ७७ टक्के, आणि रानकुत्रा ९५ टक्के क्षेत्रांतून. पांडा चार-पाच चौरस किलोमीटरमध्ये आयुष्य काढू शकतो. रानकुत्र्यांच्या टोळीला शंभर लागतात. पांडाच्या मापाने शिवलेलं कापड त्यांना पुरलं नाही.

आता तुमचा माळढोक. "तेच का करत नाही" याचं उत्तर, करतोय. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे रानातून आणलेल्या अंड्यांपासून २०१९ पासून बंदिवासात माळढोक वाढवले जात आहेत, आणि तिथे जन्मलेल्या पक्ष्यांनीही अंडी दिली आहेत. तो निर्णय मला योग्य वाटतो. पांडाच्या बाबतीत मी केंद्रांवर टीका करतो याचं कारण पांडा तेव्हाही हजाराच्या वर होते आणि पैसा पिंजऱ्याऐवजी जंगलात जायला हवा होता. माळढोक दीडशेच्या आसपास उरलाय आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. इथे विमा काढून ठेवणं भाग आहे.

पण क्रम बघा. पांडाच्या बाबतीत १९९८ ला तोड थांबली आणि चौदा वर्षांनी थाओ थाओ सोडला. सोडायला जागा तयार होती. माळढोकाचं पिल्लू उद्या तयार झालं तरी त्याच्या माळावर उच्चदाबाच्या तारा आहेत. हा जड पक्षी समोरचं नीट बघू शकत नाही आणि तारांना धडकून मरतो. सर्वोच्च न्यायालयाचे त्यावर २०२१ पासून आदेश आणि फेरआदेश झाले आहेत. महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये खास याच पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. भोवतालच्या माळांवर ऊस आला, द्राक्षबागा आल्या, कालव्याचं पाणी आलं. तिथे पिल्लं आणून सोडायची असं कुणी उद्या म्हणालं तर मी पहिला प्रश्न विचारीन तो पिल्लांचा नसेल. गवताचे किती सलग हेक्टर, कुणाच्या सातबाऱ्यावर, आणि ज्वारी-बाजरी कोरडवाहूच ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दर वर्षी किती रक्कम, हा असेल.